माडीच्या कुजलेल्या फळ्या बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर राजापूर तालुक्यातलं. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं आणि माडीला फळ्यांची जमीन. काही वर्षांपूर्वी ऐन गणपतीत भाचा माडीवर धावत गेला आणि त्याचा एक पाय मांडीपर्यंत खाली माजघरात लोंबू लागला. पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण त्या वर्षी आरतीपेक्षा त्या पायाचीच चर्चा जास्त झाली. पुढचे दोन उन्हाळे सुतारासोबत त्या माडीवर घालवले. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, शेजाऱ्यांचे मुंबईकर भाऊ, सगळे तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

फळी कुजली आहे की नुसती जुनी दिसते आहे, कसं कळायचं?

रंगावर जाऊ नका. शंभर वर्षांचा साग काळाठिक्कर दिसतो आणि आतून खणखणीत असतो. उलट वरून रंगाने चकचकीत दिसणारी फळी आतून पीठ झालेली असू शकते.

एक टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि रेषांच्या आडवा टोचा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटरवर अडतं. मग टोक थोडं तिरकं घालून उचकटा. धड लाकडाची लांब, चिवट सळी निघते. कुजलेल्याचा आखूड तुकडा पडतो, बिस्किटासारखा, आवाज न करता. हातोडीच्या दांड्याने ठोकूनही अंदाज येतो: चांगली फळी टणत्कारते, कुजलेली बद्द वाजते.

तपासणी दोन्ही बाजूंनी करा. खालून, म्हणजे माजघरातून छताकडे पाहिलं की पाण्याचे ओघळ, पांढरट जाळी, काळे डाग स्पष्ट दिसतात. वरून बघताना भिंतीलगतची फळी, जिन्याच्या तोंडाची फळी आणि ट्रंका, पोती, कपाट यांच्याखालची जागा चुकवू नका. आमच्याकडे सगळ्यात वाईट फळ्या आजीच्या भाताच्या कणगीखाली निघाल्या. तीस वर्षं तिथे कुणी वाकून बघितलंच नव्हतं.

काही घरांत फळ्यांवर मातीचा थर देऊन वर शेणाने सारवलेलं असतं. तिथे वरून काहीच कळत नाही. खालून टोचत जायचं आणि शंका आली तिथे हातभर माती उकरून बघायची.

फळ्या कुजतात कशामुळे? वय झालं म्हणून?

नाही. लाकडाला वय मारत नाही, पाणी मारतं.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला हवा, ऊब आणि लाकूड लागतं, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या घरात बारा महिने असतात. कमी असतं ते फक्त पाणी. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. तो पंचवीस-तीसच्या वर जाऊन तिथेच राहिला की तिचं राज्य सुरू होतं. कोकणातल्या हिवाळ्यात घरातलं लाकूड साधारण बारा टक्क्यांच्या आसपास असतं. पावसाळ्यात हवाच नव्वद टक्के दमट असते, तेव्हा पाण्याचा थेंब न पडताही ते अठरा-वीसपर्यंत चढतं. म्हणजे जून ते सप्टेंबर आपली माडी उंबरठ्यावरच उभी असते. एक फुटकं कौल तिला आत ढकलायला पुरतं.

म्हणून माझा आग्रह असा की फळी उचकटण्याआधी तिच्यावर पाणी कुठून आलं ते शोधा. कुजलेली फळी ही गळतीची पावती समजा. बरोबर तिच्या डोक्यावर गळती असेलच असं नाही. पाणी वाशावरून घरंगळत पाच-सहा फूट लांब येऊन टपकतं. भर पावसात माडीवर बसून बघणं हाच खात्रीचा उपाय. नेहमीचे गुन्हेगार असे: वानरांनी उड्या मारून फोडलेली कौलं, दोन पाखांच्या मधल्या पन्हळीत साचलेला पाला, भिंत आणि छप्पर भेटतात तिथली उकललेली माती, आणि खिडकीच्या गजांमधून वाऱ्याबरोबर येणारी झड. आमच्याकडे या चारपैकी तीन कारणं एकाच खोलीत होती.

आणखी एक कारण म्हणजे बंद घर. पूर्वी चुलीची ऊब आणि धूर माडीतून, कौलांतून बाहेर पडायचा, लाकूड कोरडं राहायचं. आता गॅस आला, आणि बऱ्याच घरांत तर माणूसच नाही. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूप. वारा नाही, ऊब नाही. शेजारच्याकडे किल्ली ठेवून पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा माडीच्या खिडक्या दिवसभर उघडायला सांगणं हे कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त आहे.

बुरशी, वाळवी आणि भिरूड यांत फरक कसा करायचा?

बुरशीने कुजलेलं लाकूड एक तर तपकिरी होऊन चौकोनी भेगांनी फुटतं आणि बोटांनी चुरडतं, किंवा पांढुरकं, दोऱ्यादोऱ्यांचं होतं.

वाळवी मातीतून येते. भिंतीवर, खांबावर पेन्सिलएवढ्या जाडीची मातीची नळी दिसते. ती फळीची वरची साल शाबूत ठेवून आतलं खाते, म्हणून ठोकल्यावर पोकळ वाजतं आणि फोडल्यावर आत माती निघते. नळी मोडून दोन दिवसांनी पाहा. पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे.

भिरूड लागलेल्या लाकडाला बारीक गोल भोकं असतात आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. भोकं जुनी आहेत की किडा अजून आत आहे हे कळण्यासाठी खाली वर्तमानपत्र अंथरा. आठवड्याने ताजा भुगा पडलेला दिसला तर काम चालू आहे.

वाळवी असेल तर नुसती फळी बदलू नका. ती नवी फळी म्हणजे तिला नैवेद्यच. आधी पायापासून औषध मारून घ्या, आणि ते परवाना असलेल्या माणसाकडूनच, कारण आपल्याकडे विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर असते.

काम कधी काढावं?

डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात सगळे चाकरमानी आलेले असतात, सुतार मिळत नाही, मिळाला तर दिवसाआड येतो आणि वळवाची भीती डोक्यावर असते. शाकारणी आणि माडी ही दोन कामं एकाच हंगामात असतील तर आधी कौलं, मग फळ्या. उलट केलंत तर कौलं चाळताना वरची सगळी घाण, फुटके तुकडे आणि माणसांचे पाय नव्या फळ्यांवर येतात.

एकच फळी खराब आहे. तेवढीच बदलली तर चालेल का?

चालेल, आणि तेवढीच बदला. सगळी माडी उसकटून नवी करा म्हणणारा सुतार भेटला तर दुसऱ्याला दाखवा. जुनी सागवानी फळी बाजारातल्या नव्या फळीपेक्षा बहुतेक वेळा सरस असते.

अख्खी फळी काढायची नसेल तर कुजलेला भाग कापून तुकडा बसवता येतो. पण काप नेहमी कडीच्या, म्हणजे फळ्या ज्यावर टेकतात त्या खालच्या आडव्या लाकडाच्या, मध्यावर यायला हवा, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही टोकांना टेकायला जागा मिळते. तुकडा निदान तीन कड्यांवर टेकेल एवढा लांब घ्या. दोन कड्यांमधला आखूड तुकडा पायाखाली उडी मारतो. शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच कडीवर आणू नका. डाग जिथे संपलेला दिसतो त्याच्या पुढे निदान फूटभर कापा, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे पोचलेले असतात.

एक युक्ती आमच्या सुताराची: कोपऱ्यातल्या, कपाटाखालच्या चांगल्या जुन्या फळ्या काढून त्या दारापाशी वापरल्या आणि नव्या फळ्या कोपऱ्यात टाकल्या. जा-ये असलेल्या जागी सगळं जुनं, एकरंगी दिसतं.

फळी काढल्यावर खालची कडीही मऊ लागते आहे. आता?

खरं काम इथे सुरू होतं. फळी मोडली तर पाय अडकतो, कडी मोडली तर माणूस खाली जातो.

कडी मध्ये क्वचित कुजते, भिंतीत गेलेल्या टोकाला कुजते. जांभा पाणी पितो आणि लाकूड आपल्या टोकाकडून, म्हणजे कापलेल्या तोंडाकडून, बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढतं. त्यामुळे भिंतीतलं ते सहा-आठ इंचांचं टोक वर्षानुवर्षं ओलं राहतं आणि दिसत मात्र नाही. प्रत्येक कडीच्या भिंतीलगत, खालच्या अंगाने टोच्या मारून बघा. अर्धा इंचाहून आत शिरला तर त्या कडीवर विश्वास ठेवू नका.

पहिलं काम टेकू. खाली जमिनीवर जाड फळी टाकून तिच्यावर टेकू उभा करा, नाहीतर टेकू शेणाच्या जमिनीत रुततो. कडी उचलायची नाही, फक्त धरायची. वर्षानुवर्षं बसलेली कडी एका दिवसात सरळ करायला गेलं की भिंतीचे चिरे हलतात.

मग दोन मार्ग आहेत. कडीचा बाकीचा भाग धड असेल तर तिला लागून तेवढ्याच उंचीची नवी कडी घालून दोन्हींना आरपार बोल्ट मारायचे, बारा मिलिमीटरचे, फूट-दीड फुटावर, एक वर एक खाली असे. दोघी मिळून भार घेतात. कडी लांबवर कुजली असेल तर ती पूर्ण बदलायची. टोक भिंतीत घालताना त्याचं तोंड औषध पाजून घ्या, खाली दगडाची किंवा पत्र्याची बैठक द्या आणि दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडा. गवंडी ती जागा सिमेंटने गच्च भरायला अगदी आतुर असतो. भरू देऊ नका. सिमेंटमध्ये कोंडलेलं टोक ओलं झालं की वाळतच नाही.

मुख्य तुळई, म्हणजे कड्यांना पेलणारं जाड लाकूड, वाकली, चिरली किंवा कुजली असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि जुन्या घरांचं काम केलेल्या अभियंत्याला बोलवा. तुळईवर प्रयोग नाहीत.

कोणतं लाकूड घ्यावं?

परवडत असेल तर साग, आणि तोही गाभ्याचा. सागाला वाळवी आणि बुरशी फारशी का लागत नाही, तर त्याच्या गाभ्यात मुरलेल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे. सालीजवळच्या पांढऱ्या भागात ती नसतात, म्हणून सागाचा पांढरा भाग इतर कुठल्याही लाकडासारखाच कुजतो. दुकानात ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, प्रत्येक फळीची कड बघा. बल्लारशा, आलापल्लीकडच्या सागाचं नाव मोठं आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली बल्लारशाहून साग गेला होता. आपल्या माडीला तेवढा मान लागत नाही, गावठी साग पुरतो, फक्त झाड पिकलेलं हवं. पंधरा-वीस वर्षांच्या झाडात गाभा कमी आणि पांढरं जास्त असतं.

फणस चांगला, रंगही सुंदर, घरात वापरायला उत्तम. आईन आणि किंजळ मजबूत आहेत, कड्यांना छान, पण नीट वाळवले नाहीत तर फाटतात आणि पिळतात. आंब्याच्या फळ्या स्वस्त म्हणून माडीला घालू नका. त्यांचा पाट करा, खोकी करा. किडीला आंबा फार आवडतो.

आमच्या परसात फणस आणि साग उभे आहेत. तेच तोडून फळ्या काढल्या तर?

परवानगी काढून. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, फणस, आंबा, आईन, किंजळ ही सगळी झाडं आहेत. झाड तुमच्या सातबाऱ्यात असलं तरी तोडण्याआधी वन खात्याकडे अर्ज लागतो, आणि लाकूड गिरणीपर्यंत न्यायचं तर त्याचेही कागद बघावे लागतात.

आणि आज तोडून उद्या फळी बसवता येत नाही. चिरलेल्या फळ्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये एकसारख्या पट्ट्या घालून रचायच्या. ढोबळ हिशोब असा की इंच जाडीला वर्षभर. म्हणजे या माघात तोडलेला फणस पुढच्या माघात माडीवर चढेल. घाईने ओली फळी ठोकली तर पहिल्याच उन्हाळ्यात फटींतून माजघर दिसू लागतं.

लाकूड किती लागेल, कसं मोजायचं?

वखारीत हिशोब घनफुटात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागा. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे ४८ भागिले १४४, घनफुटाचा तिसरा हिस्सा. अशा तीन फळ्यांचा एक घनफूट. वर दहा-पंधरा टक्के वाया जाण्यासाठी धरा.

जाडी मात्र रंदा मारल्यानंतरची बघा. वखारीतली इंचाची फळी दोन्ही बाजूंनी रंदल्यावर पाऊण इंचाच्या जवळ येते. जुन्या फळ्या बहुधा सव्वा इंचाच्या असतात. ती जाडी जपा, कारण जाडी अर्धी झाली तर फळीची ताकद अर्धी होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येते, आणि लवचिकता आठपट वाढते. कड्यांमध्ये दीड-दोन फूट अंतर असेल तर रंदून पुरी इंचभर उरणारी सागाची फळी पुरते.

मोडलेल्या घराचं जुनं लाकूड घ्यावं का?

जरूर. वाळून-वाळून स्थिरावलेलं असतं, आणि पिकलेल्या झाडाचं असतं. घेताना दोन गोष्टी बघा. भोकं आणि ताजा भुगा आहे का, आणि आत मोडके खिळे किती आहेत. खिळा राहिला तर गिरणीवाल्याचं पातं जातं आणि तो तुमचं उरलेलं लाकूड हातात देऊन घरी पाठवतो. लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढूनच फळ्या न्या.

त्यापेक्षा प्लायवूड टाकलं तर? किंवा सरळ वर काँक्रीट?

प्लायवूड एखाद्या खोलीत तात्पुरतं चालेल. मग निदान ‘आयएस ७१०’ (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचं भारतीय मानक) असा शिक्का असलेलं, १९ मिलिमीटरचं घ्या आणि कडा रंगाने बंद करा. पण गळती न काढता त्यावर प्लाय ठोकणं म्हणजे जखमेवर प्लास्टर चिकटवून आत पू होऊ देणं. खालची फळी कुजत राहते आणि आता ती दिसतही नाही.

काँक्रीट तर मुळीच नको. हिशोब करून बघा. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो. नुसता तीन इंचांचा थर दिला तरी चौरस मीटरला १८० किलो होतात. घरातल्या खोल्यांच्या जमिनीवर माणसं-सामान मिळून जो भार धरायचा असं भारतीय मानक सांगतं तो चौरस मीटरला सुमारे २०० किलो. म्हणजे एक माणूसही न चढता तुम्ही जवळजवळ भरगच्च बारशाचं वजन त्या कड्यांवर कायमचं ठेवलंत, शिवाय खालच्या फळ्यांना वरून वारा बंद. फरशी बसवायची हौस असेल तर ती खालच्या पडवीत भागवा.

फळी काढायची आणि बसवायची कशी?

काढण्याआधी खडूने प्रत्येक फळीला नंबर घाला आणि फोटो काढा. खाली कुणी नसेल याची खात्री करा, माजघराचं दार लावूनच टाका. वर चालताना चुकांची, म्हणजे खिळ्यांची, ओळ बघून पाय ठेवा. जिथे चुका आहेत तिथे खाली कडी आहे. बसायला-उभं राहायला दोन-तीन कड्यांवर आडवी टाकलेली जाड फळी वापरा.

फळी पहारीने एका टोकाकडून उचकटू नका, शेजारची फुटते. चुका गंजून फळीत एकजीव झालेल्या असतात. त्या सुंब्याने (खिळा आत ठोकायच्या बोथट हत्याराने) आरपार कडीत ठोकून द्या, किंवा फट असेल तर करवतीचं नुसतं पातं आत घालून कापा. फळ्या जीभ-खाचेच्या, म्हणजे एकीची जीभ शेजारचीच्या खाचेत बसणाऱ्या, असतील तर खराब फळी लांबीला मधोमध दोन ठिकाणी कापून मधली पट्टी आधी काढायची, मग उरलेल्या दोन बाजू सहज निघतात. नवी फळी तशा जागी वरून बसत नाही. तिच्या खाचेचा खालचा ओठ पटाशीने काढून टाकावा लागतो. एवढं कळलं की काम अर्धं झालं.

हातमोजे घाला, जाड तळव्याचे बूट घाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. वटवाघळांची वस्ती असेल तर नाकातोंडावर चांगला मास्क. ती धूळ छातीला वाईट.

फळ्यांमध्ये फट किती सोडावी?

बसवायच्या दिवशी लाकूड किती कोरडं आहे त्यावर. एप्रिलमध्ये वाळलेली आठ इंची सागाची फळी पावसाळ्यात दोन-अडीच मिलिमीटर रुंद होते. दहा फळ्या गच्च बसवल्या तर जुलैपर्यंत त्या इंचभर जागा मागतात, आणि मिळाली नाही की मधूनच वर उचलतात. म्हणून उन्हाळ्यात बसवत असाल तर प्रत्येक सांध्यात दोन मिलिमीटर सोडा, भिंतीलगत अर्धा इंच. ती फट पट्टीने झाका, पट्टी भिंतीला ठोका, फळीला नको.

खिळे की स्क्रू?

स्क्रू. फळीच्या जाडीच्या अडीचपट लांब, आधी बारीक भोक पाडून. प्रत्येक कडीवर दोन, कडेपासून इंचभर आत. साधे लोखंडी घेऊ नका. समुद्राची खारी हवा त्यांना खाते, आणि सागातल्या द्रव्यांशी लोखंडाचा संयोग होऊन भोवती काळा डाग पसरतो. स्टेनलेस स्टीलचे घ्या. खाडीकाठी घर असेल तर ३१६ प्रतीचे. पितळीही छान, पण मऊ असतात, आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्या, नाहीतर डोकं तुटून हातात येतं.

कुठलं औषध, कुठलं तेल?

घरातल्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक ॲसिड. दहा लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार, ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड. फळीच्या सगळ्या बाजूंना, कापलेल्या तोंडांना दोनदा जास्त, आणि बसवण्याआधी. बुरशी आणि भिरूड दोन्हींना चालतं. पाण्यात विरघळतं, म्हणून झड लागणाऱ्या जागी ते धुऊन जातं. मुलांपासून लांब ठेवा, वास नाही म्हणून निरुपद्रवी समजू नका.

काजूच्या टरफलांचं तेल आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना लावायची जुनी पद्धत आहे. कड्यांच्या भिंतीतल्या टोकांना आम्ही तेच लावलं. अंगावर उडालं तर कातडी सोलून फोड येतात, तेव्हा उघड्या हाताने नको. माडीच्या चालत्या जमिनीला ते लावू नका, दिवसेंदिवस चिकट राहतं.

वरून जवसाचं तेल पातळ हातांनी, दोन-तीनदा. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप तापून पेट घेतात. काम झालं की ते पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून वाळू द्या. लाकडी घरात हा धडा अनुभवाने शिकायचा नसतो.

जुना निळा-हिरवा ऑइलपेंट खरवडून काढू का?

कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असतं. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाणी मारून ओला खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, पोरांना लांब ठेवा.

घर सामाईक आहे. खर्च कोणी करायचा?

यावर मी तज्ज्ञ नाही, फक्त भुक्तभोगी आहे. काम काढण्याआधी कुजलेल्या फळ्यांचे फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाका, घनफुटांचा हिशोब टाका आणि ‘कुणाची हरकत आहे का’ असं लिहून विचारा. काका पैसे देतील न देतील, पण काम झाल्यावर ‘विचारलं नाही’ म्हणायला जागा राहत नाही. सुताराशी मजुरी ठोक ठरवू नका. जुन्या घरात फळीखाली काय निघेल ते त्यालाही माहीत नसतं. रोजाने ठरवा आणि शक्य असेल तर स्वतः हजर राहा.

भाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्या घरामागचा लाकडी डेक असाच कुजला आहे. हेच सगळं तिथे लागू का?

टोच्याची परीक्षा, कडीवर सांधा, स्टेनलेस स्क्रू हे सगळं तसंच. फरक असा की डेक उघड्यावर असतो, पाऊस आणि बर्फ थेट त्याच्यावर. म्हणून तिथे टाकणखार चालत नाही, कारखान्यात दाबाने औषध पाजलेलं पाइनचं लाकूड वापरतात. ते बऱ्याचदा ओलंच विकलं जातं आणि बसवल्यावर आकसतं. तेव्हा तिथे फळ्या चिकटून बसवल्या तरी फट आपोआप पडते. आपल्या उन्हाळी फळीच्या बरोबर उलटं.

त्या औषधाची कथा गमतीची आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं ते मिश्रण १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन या आपल्याच शास्त्रज्ञाने शोधलं, आणि पुढे अमेरिकेतल्या घरोघरच्या डेकमध्ये तेच मुरलं. आर्सेनिकमुळे २००३ च्या अखेरीला तिथल्या घरगुती वापरातून ते बाजूला झालं आणि तांब्यावर आधारलेली दुसरी औषधं आली. भावाचा डेक त्याआधीचा असेल तर कापताना मास्क लावायला सांगा आणि ती फळी शेकोटीत अजिबात घालायची नाही. धूर आणि राख दोन्हींत आर्सेनिक उतरतं.

आणि फळ्या बघून झाल्यावर त्याला घराच्या भिंतीला टेकलेला आडवा तक्ता बघायला सांगा, ज्याच्यावर डेकच्या सगळ्या कड्या टांगलेल्या असतात. तिथे मागे पाणी मुरून तो सुटला की अख्खा डेक माणसांसकट खाली येतो. नुसत्या खिळ्यांवर असेल तर बोल्ट मारून घ्यावेत, आणि त्याआधी नगरपालिकेकडे परवान्याची चौकशी करावी.

काढलेल्या जुन्या फळ्यांचं काय करायचं?

कुजलेला भाग अंगणातच कापून टाका, घरात परत आणू नका. वाळवी किंवा भिरूड लागलेला असेल तर त्याच दिवशी चुलीत. रंग असलेला तुकडा मात्र चुलीत नको, न्हाणीच्या चुलीतसुद्धा नको. उरलेले धड तुकडे जपून ठेवा: दोन फुटांच्या वरचे सगळे पुढच्या ठिगळाला कामी येतात. भाच्याचा पाय गेला त्या फळीचा चांगला अर्धा भाग आमच्याकडे आता पाट म्हणून आहे, आणि गणपतीला जेवायला त्यावर कोण बसणार हे दरवर्षी ठरलेलं असतं.